नारळाचा मान

१ फेब्रुवारी १९७४, शुक्रवार

आजपासून रोजनिशी नियमित. जानेवारी कोरा गेला, पण त्याला कारण आहे. कारण म्हणजे डेरेकसाहेब. पाहुणा ताटावर असताना माणसाला स्वतःसाठी वेळ उरत नाही.

नोंद असावी म्हणून लिहितो. डेरेकसाहेब विलायतेतले, लीड्सच्या जवळचे. वय तेवीस. तिकडच्या कुठल्याशा संस्थेनं त्यांना थोडे महिने इंग्रजी शिकवायला आमच्या हायस्कूलवर पाठवलंय. डिसेंबरात आले, मार्चच्या मध्याला परत जाणार. उंची इतकी की नववीच्या वर्गाच्या चौकटीला रोज कपाळ आपटतं. रोज 'सॉरी' म्हणतात. चौकटीला.

गावानं त्यांचं नाव देवकर करून टाकलंय. शिपाई वजीरभाई तर देवकरसाहेब म्हणूनच हाक मारतो आणि ते ओ देतात.

हेडमास्तरांनी त्यांना माझ्या ताब्यात दिलंय. म्हणाले, सयाजीराव, तास दोघांनी मिळून घ्या आणि पाहुण्याला सांभाळा. 'सांभाळा' वर जोर दिला. एवढा विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता. राहायला शाळेमागची खोली, दोन्ही वेळचं जेवण आमच्याकडे.

४ फेब्रुवारी, सोमवार

मिळून तास घेण्याचा प्रयोग डिसेंबरातच बंद केला, ते इथं लिहायचं राहिलं. एका वर्गात दोन शिक्षक उभे राहिले की मुलांना कुणाकडे बघावं कळत नाही. शिवाय साहेब अनुभव घ्यायला आलेत. त्यांच्या अनुभवाच्या आड मी का यावं? सगळे तास त्यांना दिले. मी सुपरव्हिजन करतो. पहिले काही दिवस वर्गाच्या मागच्या बाकावरून केली, मग स्टाफरूममधून. आता स्टँडवरच्या रहिमानच्या हॉटेलातून करतो. तिथून शाळेचं फाटक स्पष्ट दिसतं.

साहेबांचे उच्चार साफ नाहीत. वेडनेसडेला 'वेन्झडे' म्हणतात. मधला डी सरळ खातात. आज बाजूला घेऊन समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, थँक्यू म्हणाले. शिकायची तयारी आहे.

७ फेब्रुवारी, गुरुवार

माझ्या नोकरीचं. तीन वर्षं तात्पुरता आहे. दर जूनला नवी ऑर्डर येते आणि दर जूनपर्यंत सौ. लीला माझ्याकडे न बोलता बघत राहते. यंदा इंग्रजीची जागा कायम व्हायची आहे. ऑर्डर काढणार आमच्या शिक्षण संस्थेचे चेअरमन आप्पासो. सुभेदार होऊन रिटायर झालेले, नदीकाठाला ऊस, बोलणं कमी. गावात त्यांच्यासमोर लोक विडीसुद्धा विझवतात.

हेडमास्तर म्हणाले, डेरेकसाहेबांच्या सेंडऑफला आप्पासो येणार आहेत, मुलांची प्रगतीही बघतील आणि तुमच्या जागेचंही त्याच वेळी ठरेल.

म्हणजे ठरलंच. परदेशी माणूस भर सभेत माझं नाव घेणार. आप्पासो ऐकणार. आणखी काय पाहिजे?

घरी सांगितलं. लीला म्हणाली, आवं पर तास घेतल्याबिगर कायम कसं करत्यात? ती दहिवडीकडची. तिचे तिन्ही भाऊ मुंबईला गिरणीत. घाम आल्याशिवाय काम झालं असं त्या घरात कुणी मानत नाही. सुपरव्हिजन हा प्रकार तिला समजावणं अवघड आहे. सोडून दिलं.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

स्टाफरूममध्ये जुन्या ड्रॉइंग मास्तरांच्या सेंडऑफचा विषय निघाला. म्हणे सगळी सभा रडली. आप्पासोंनीसुद्धा फेट्याच्या शेमल्यानं डोळे टिपले. ड्रॉइंग मास्तरांना पुढं दोन वर्षं एक्स्टेन्शन मिळालं.

मुद्दा लक्षात घेतला. माझं भाषण इंग्रजीतून होणार, ते आप्पासोंना फार कळणार नाही. पण गळा दाटून आला तर तो कुठल्याही भाषेत कळतो. तेव्हा भाषणात एकदा गळा दाटून येणं आवश्यक. जागा ठरवली. 'विथ अ हेवी हार्ट', त्यातल्या हार्टवर.

दाढी करताना आरशासमोर प्रॅक्टिस केली. काही आलं नाही. साहेब जाणार, असं मनाशी तीन-चारदा म्हटलं. मग साहेब कायमचे जाणार, असं म्हटलं. आत काहीच हललं नाही. गार पाण्यात हात बुडवून ठेवल्यावर जसं वाटत नाही, तसं. मला कशाचंच फारसं काही वाटत नाही, हे या निमित्तानं लक्षात आलं. भाषणाच्या दृष्टीनं अडचणीचं आहे.

लीलानं दारातून विचारलं, दाढ ठणकतीय का?

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवताना साहेब आणि लीला काहीतरी पुटपुटत असतात. ती भाकरी थापता थापता बोलते, ते मान हलवतात. मी मध्ये इंग्रजीतून विषय काढतो, कारण त्यांचं इंग्रजी सुटता कामा नये. त्यांना मराठीचा गंध नाही. लीला म्हणते, तेस्नी समदं कळतंय. ती वासराशीपण अशीच बोलते आणि त्यालाही समदं कळतं म्हणते.

मराठी म्हणून मी त्यांना एकच गोष्ट शिकवली. निघताना 'जातो' म्हणायचं नाही. 'येतो' म्हणायचं. जातो म्हणणं अशुभ. त्यांनी इंग्रजीतून विचारलं, परत यायचं नसेल तरी? म्हटलं, तेव्हा तर नक्कीच. ते बराच वेळ भाकरीकडं बघत राहिले. त्यांच्या भाषेत अशी सोय नसावी.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

डिसिजन. उद्यापासून नववीचा तिसरा तास मी स्वतः घेणार. आप्पासोंनी अचानक फेरी मारली तर मी फळ्यापाशी दिसलो पाहिजे. लीलाचं बोलणं मनावर घेतलं असं नाही. माझाच विचार आहे.

२० फेब्रुवारी, बुधवार

चपलेचा अंगठा तुटला. अनवाणी वर्गात जाणं बरोबर दिसत नाही. तास डेरेकसाहेबांनी घेतला.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

वर्गाच्या दारापर्यंत गेलो. आत मुलं भाजीबाजार मांडून बसली होती. खरोखरची वांगी. इंग्रजीतून भाव करत होती. साहेब गिऱ्हाईक झाले होते आणि एक पोरगी त्यांना महाग लावत होती. सगळा वर्ग हसत होता. शिस्तीचा प्रश्न आहे, पण चालू तासात शिरणं शिष्टाचाराला धरून नाही. परत आलो.

वजीरभाई म्हणाला, सर, पोरं लय इंग्लिश बोलाय लागल्यात, माझी धाकटी तर कोंबडीला पन इंग्लिशमधनं हाकलती. म्हटलं, पाया मी घातलाय. तो म्हणाला, व्हय की.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

स्टँडवर नववीतली जैनब भेटली. तिनं मला विचारलं, 'सर, व्हेअर डू यू गो इन द थर्ड पिरियड?' वाक्य पूर्ण निर्दोष. क्रियापद, प्रश्नाची रचना, सगळं जागच्या जागी. उत्तर दिलं नाही, कारण मी वाक्य तपासत होतो. तेवढ्यात ती गेली.

२७ फेब्रुवारी, बुधवार

मानपत्र. छापून, चौकट करून साहेबांना द्यायचं. लिहिणार अर्थात मी. पंधरा दिवस विचार चालू आहे. पहिलं वाक्य तयार: 'इट इज विथ अ हेवी हार्ट दॅट वुई सेंड यू.' पुढं 'बट' घ्यावा की 'अँड', इथं गाडी अडली आहे.

आज मानपत्राच्या कामाला सांगलीला जाऊन आलो. प्रेसवाल्यानं विचारलं, बाकीचा मजकूर? म्हटलं, मागून येतोय, तुम्ही हे जुळवायला घ्या. येताना भडंग आणलं. साहेबांना फार आवडतं, हिरवी मिरची बाजूला काढत नाहीत.

४ मार्च, सोमवार

आप्पासोंच्या गुऱ्हाळावर आम्हा दोघांना बोलावणं. रस, मग गरम काकवी. साहेब काहिलीपाशी गुळव्याजवळ जाऊन बसले आणि हातवारे करत राहिले. गुळव्या हसून हसून मांडीवर थापा मारत होता. बहुधा काही गैरसमज झाला असेल.

मला आप्पासोंशेजारी खुर्ची मिळाली. हे मी चांगलं लक्षण समजतो. त्यांनी विचारलं, मास्तर, नववीचा काय रिपोर्ट?

म्हटलं, प्रगती.

म्हणाले, कुठला धडा चाललाय?

म्हटलं, सगळेच.

ते गप्प झाले. मिलिटरीतल्या माणसाला थोडक्यात उत्तर आवडतं.

९ मार्च, शनिवार

काल होळी. साहेबांनी इतक्या पुरणपोळ्या खाल्ल्या की लीलानं दुसऱ्यांदा पुरण शिजवलं. मला दोनच मिळाल्या, पण माझं लक्ष दुसरीकडं होतं.

जेवणानंतर साहेबांना ओट्यावर घेऊन बसलो आणि स्पष्ट सांगितलं. सेंडऑफच्या भाषणात माझं नाव घ्या. मी तुमच्यासाठी जे जे केलं ते सगळं आप्पासोंच्या कानावर गेलं पाहिजे, त्यावर माझी नोकरी आहे. ते एकदम गंभीर झाले. माझा हात हातात घेतला. विचारलं, 'एव्हरीथिंग?'

म्हटलं, 'एव्हरीथिंग.' काही गाळू नका.

सज्जन मुलगा आहे. त्याच्या डोळ्यांत लगेच पाणी आलं. मला मात्र नाही. प्रॅक्टिस वाढवली पाहिजे.

१४ मार्च, गुरुवार

प्रेसमधून मानपत्र आलं. बाकीचा मजकूर पाठवायचा राहून गेला होता, तेव्हा त्यांनी एकच ओळ छापली. मोठ्या टाइपात, कडेनं वेलबुट्टी, मधोमध 'इट इज विथ अ हेवी हार्ट दॅट वुई सेंड यू.' पुढं फुलस्टॉप. खाली भरपूर मोकळी जागा. हेडमास्तर बराच वेळ चौकट हातात धरून उभे होते. म्हटलं, आधुनिक पद्धत आहे.

लीलाला साहेबांशी झालेलं बोलणं सांगितलं. ती काटवटीतून हात न काढता म्हणाली, तेस्नी काय सांगायचं ते नीट निवडून सांगा, आवं, ते पोरगं खोटं बोलत न्हाई.

म्हटलं, तेच तर पाहिजे. खोटं कशाला बोलायचं?

ती पीठ मळत राहिली. आज भाकऱ्या जरा कडक झाल्या.

वजीरभाई बाजाराची यादी सांगून गेला. एक फेटा, एक नारळ, पेढे.

१६ मार्च, शनिवार

सेंडऑफ झाला. क्रमानं लिहितो.

पटांगणात मांडव. फळ्यावर नव्या ड्रॉइंग मास्तरांनी रंगीत खडूनं 'श्री. देवकर यांचा निरोप समारंभ' असं लिहिलेलं. पुसायला वेळ नव्हता. आप्पासो वेळेच्या आधी आले. बायका एका बाजूला, त्यांत लीला. मुलं पुढं.

आधी माझं भाषण. 'हेवी हार्ट' वर आलो आणि थांबलो. गळ्याची वाट बघितली. गळा कोरडा ठणठणीत. आणखी थांबलो. माणसं चुळबुळ करू लागली. वजीरभाईला वाटलं मी विसरलो, त्यानं तांब्या-भांडं आणून समोर ठेवलं. पाणी प्यालो आणि खाली बसलो. पॉझ परिणामकारक होता असं माझं मत आहे.

मग साहेब उठले. कपाळ मांडवाच्या आडव्या बांबूला आपटलं. 'सॉरी' म्हणाले. आणि मराठीत बोलायला लागले. आमच्या गावच्या मराठीत. मी लीलाकडं बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला होता.

जेवढं आठवतं तेवढं उतरून ठेवतो, कारण ते माझ्याविषयी आहे.

म्हणाले, 'राम राम मंडळी. माझं मराठी वाईट हाय. वैनीनं शिकवलं. चुकलं तर वैनीला सांगू नका.'

सभा खूश. मग म्हणाले, 'सयाजी सर लय मोट्या मनाचा मानूस. पयल्या आटवड्यातच मला म्हनले, समदे तास तुमी घ्या. आनि दिले. समदे. एकबी सवताला ठिवला न्हाई. आमच्याकडं असं कोन देत न्हाई.'

पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

'मला शिकाय मिळावं म्हनून सर वर्गात येत न्हवते. रोज उनाचं चालत स्टँडवर जायचे. तिथं हाटेलात बसून माझी वाट बघायचे. शाळा सुटस्तोवर. माझ्यासाठनं. कवा चुकले न्हाईत. एकदा चप्पल तुटली, तरी गेले.'

सगळा मांडव हसायला लागला. पोरं, बाया, स्टाफ. रहिमान तर मागं खांबाला धरून उभा होता. लोकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ड्रॉइंग मास्तरांच्या सेंडऑफला रडले नसतील इतके डोळे ओले झाले. साहेब गोंधळून बघत होते, मग त्यांनाही वाटलं की लोक आनंदात आहेत, आणि ते हात जोडून म्हणाले, 'सरांस्नी कायम करा, आप्पासो. असा मानूस मिळायचा न्हाई.'

हसले नाहीत ते दोघंच. एक लीला आणि दुसरे आप्पासो. आप्पासोंनी हेडमास्तरांना कानात काहीतरी विचारलं. हेडमास्तरांनी मान खाली घातली.

मग आप्पासोंनी साहेबांना फेटा बांधला, नारळ दिला, पाठीवर थाप मारली. आणि माईकपाशी जाऊन एवढंच म्हणाले, 'सयाजी मास्तरांस्नीबी नारळ द्या.'

हसणं एकदम बंद झालं.

नारळ एकच आणलेला. वजीरभाईला स्टँडवरच्या दुकानात पिटाळलं. तो येईपर्यंत कुणी काही बोललं नाही. मुलंसुद्धा बोलली नाहीत. एवढी शिस्त मी या शाळेत कधी बघितली नव्हती. नारळ आला. आप्पासोंनी स्वतःच्या हातानं माझ्या हातात ठेवला आणि माझ्याकडं न बघता खाली उतरले.

परदेशी पाहुण्याच्या बरोबरीनं मान. लोक स्तब्ध झाले ते त्यामुळंच.

१७ मार्च, रविवार

हेडमास्तर घरी आले. सुट्टीच्या दिवशी मुद्दाम. चहा नको म्हणाले.

म्हणाले, सयाजीराव, आप्पासोंनी काल तुम्हाला नारळ दिलाय. लक्षात आलं ना?

म्हटलं, हो. देव्हाऱ्यापाशी ठेवलाय.

त्यांनी चष्मा काढून पुसला. परत लावला. म्हणाले, जूनपासून तुमची ऑर्डर निघणार नाही. सांगलीचा एक बी.एड. झालेला मुलगा येतोय.

म्हटलं, तात्पुरती निघणार नाही, बरोबर आहे. एकदम कायमचीच काढतील.

ते उठले. जाताना लीलाला नमस्कार केला, मला नाही. घाईत असतील.

मला काही वाटलं नाही. भिंतीला टेकून बराच वेळ बसलो होतो, पण ते उन्हामुळं. लीला आतून आली आणि बाजूला बसली. ती कामाच्या वेळी कधी बसत नाही. म्हणाली, तुमास्नी कळलंय, व्हय ना?

म्हटलं, काय?

म्हणाली, ऱ्हाऊ द्या.

१८ मार्च, सोमवार

साहेब गेले. सकाळची कराडची गाडी.

स्टँडवर निम्मी शाळा. जैनबच्या आईनं, सुगराबीनं, वाटेत खायला शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले. लीलानं भाकरी, पिठलं आणि भडंग. साहेबांचं तोंड लालभडक झालेलं. तीन-चार महिन्यांसाठी आलेला माणूस, त्यानं एवढं रडावं? पण रडत होते, लपवत नव्हते. लीलाच्या पाया पडले. म्हणाले, 'वैनी, येतो.' लीला म्हणाली, 'या भावजी,' आणि मागं वळून उभी राहिली.

मला बाजूला घेतलं. आपला नारळ माझ्या हातात दिला. विमानात कुठं फोडू, म्हणाले. मग मराठी सोडून इंग्रजीत, अगदी हळू आवाजात विचारलं, लोक का हसले? माझं भाषण बरोबर झालं ना? मी सगळं सांगितलं ना? तुमचं काम झालं ना?

मी त्यांच्याकडं बघितलं. नाकाचं टोक उन्हानं सोललं होतं. कपाळावर चौकटीचा वळ.

म्हटलं, 'एव्हरीथिंग. फर्स्ट क्लास.' हसतात तो आमच्याकडचा मानच आहे.

त्यांचा चेहरा उजळला. 'येतो सर,' म्हणाले, आणि गाडीच्या दारात वाकले. या वेळी आपटलं नाही.

धुरळा खाली बसेपर्यंत उभा होतो. खरं तर गळा दाटायला ही जागा चांगली होती. काही झालं नाही. नारळ हातात जड लागत होता, एवढंच.

१९ मार्च, मंगळवार

नववीचा तिसरा तास घेतला. मी स्वतः.

आत शिरताना चौकटीपाशी उगीच मान वाकवली. माझी उंची पाच फूट तीन इंच आहे. मुलं हसली नाहीत. उभी राहिली, 'गुड मॉर्निंग सर' म्हणाली, बसली.

विचारलं, पुस्तक कुठपर्यंत आलंय? जैनब उठून म्हणाली, 'वुई हॅव फिनिश्ड इट, सर.'

म्हटलं, मग उजळणी करू. वारांची नावं. सगळ्यांनी म्हटली. एका सुरात 'वेन्झडे'. मी खडू उचलला, परत ठेवला. असू दे म्हटलं.

तास मोठा असतो. विसरलो होतो.

२५ मार्च, सोमवार

दोन्ही नारळ देव्हाऱ्यापाशी शेजारी शेजारी होते. लीलानं आज एक फोडला, चटणी केली. विचारलं, साहेबांचा की माझा? ती म्हणाली, काय म्हाईत, दोन्ही सारखंच दिसत्यात. खोबरं चांगलं निघालं.

ती मुंबईच्या थोरल्या भावाला कळवायचं म्हणतेय. गिरणीत टाइमकीपरची जागा असते म्हणे. इंग्रजी येणारा माणूस लागतो. म्हटलं, बघू. जूनपर्यंत इथली ऑर्डर येईल. ती हो म्हणाली. हल्ली ती मला लगेच हो म्हणते. मला ते बरं वाटत नाही.

३० एप्रिल, मंगळवार

शाळेचा शेवटचा दिवस. ऑर्डर आलेली नाही. उशीर होत असेल.

कपाटाची किल्ली परत दिली. हेडमास्तर रिझल्टच्या कामात होते, मान वर न करता म्हणाले, ठीक आहे. स्टाफरूममध्ये नव्या मुलासाठी टेबल पुसून ठेवलंय. माझा सेंडऑफ नाही. तो साहेबांबरोबर झालाच आहे, नारळासकट. पुन्हा खर्च कशाला?

नववीच्या वर्गात एकदा डोकावलो. बाकं उलटी टाकलेली. चौकटीच्या वरच्या लाकडाला एका जागी तेलकट डाग पडलाय. तिथं हात लावून बघितला. टाचा उचलल्या तेव्हा हात पुरला. काय वाटलं ते लिहिता येत नाही.

फाटकात वजीरभाई कुलूप घेऊन उभा. म्हटलं, जातो वजीरभाई.

तो म्हणाला, जातो न्हाई म्हनू सर. येतो म्हना.

बरोबर आहे. मीच शिकवलेलं. येतो म्हणायला तोंड उघडलं आणि गळा दाटून आला. सबंध. हार्टवर जसा यायला पाहिजे होता तसा, किंबहुना जास्तच. प्रॅक्टिस वाया गेली नाही म्हणायची. पण मांडव नव्हता, आप्पासो नव्हते, आणि तो थांबेना. वजीरभाईनं कुलूप खिशात टाकलं, आत जाऊन पाणी आणलं, भांडं धरून उभा राहिला. मी मान हलवली, हात वर केला. शब्द काही आला नाही.

चालायला लागलो. मागून, मी म्हटलंच आहे असं धरून, वजीरभाई म्हणाला, 'या सर.'